होड्या बाहेर, पाहुणे आत

इनेला जायचं म्हणजे पूर्वी अख्खा दिवस प्रवासातच जायचा, आणि मग मुक्काम करावाच लागायचा. आता क्योतो स्टेशनच्या दक्षिण दारातून सकाळी सुटणारी बस आमानोहाशिदाते, इने आणि परतीच्या वाटेवर मियामाची गवती छपरांची घरं असं सगळं एका दिवसात दाखवून रात्रीच्या जेवणाला माणसाला परत आणून सोडते. माझी आतेबहीण मंजू आणि तिचे यजमान श्रीकांतराव ठाण्याहून जपान बघायला आले होते. त्यांच्या हातात मोजके दिवस होते. ‘तू नेहमी सांगतेस ते कोळ्यांचं गाव दाखव,’ असा मंजूचा हट्ट होता. म्हणून मीही त्या बसचं तिकीट काढलं. वाटाड्याच्या निशाणामागे चालायची माझी ही पहिलीच वेळ. मनातून मी थोडी नाराज होते, हे लपवत नाही.

क्योतो म्हटलं की आपल्याला देवळं आठवतात, पण क्योतो नावाचा प्रांत शहरापाशी संपत नाही. तो उत्तरेला डोंगर ओलांडत थेट जपानच्या समुद्राला जाऊन भिडतो. तिथे तांगो नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याच्या पूर्व अंगाला इनेचा उपसागर. जेमतेम पाच किलोमीटर काठ, आणि त्या काठावर पाण्याला अगदी खेटून दोनशे तीसच्या आसपास लाकडी घरं, सगळ्यांचे त्रिकोणी माथे समुद्राकडे, पंगतीला बसल्यासारखी. त्यांना फुनाया म्हणतात. खाली होडी, वर माळा. होडी समुद्रातून थेट घरात ओढून घ्यायची, अशी रचना.

मी ती पहिल्यांदा पाहिली १९९३-९४च्या हिवाळ्यात. क्योतोत शिकत होते. जिच्याकडे खोली घेतली होती ती घरमालकीण रोज सकाळी सव्वाआठला हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायची. एनएचकेची पंधरा मिनिटांची सकाळची मालिका १९९३च्या उन्हाळ्यात ‘एए न्योबो’ होती आणि तिची नायिका इनेची. बाईंना इने त्याआधीपासून माहीत होतं, कारण १९८२ साली तोरासानच्या चित्रपटमालिकेतला एकोणतिसावा चित्रपट तिथे चित्रित झाला होता आणि तोरासानच्या भूमिकेतला आत्सुमी कियोशी हा त्यांचा देवच. म्हणजे बाईंच्या लेखी इने हे सिनेमातलं आणि टीव्हीतलं गाव. प्रत्यक्षात त्या कधीच गेल्या नव्हत्या. मला मात्र त्यांनी आग्रहाने पाठवलं. वर बजावलं, की तांगोत लोक म्हणतात, जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका. हिवाळ्यात तिथे एकाच दिवसात ऊन, पाऊस, गारा आणि बर्फ असं चारही येऊन जातं.

तेव्हा सानइन मार्गावर सोनोबेच्या पुढे विजेच्या तारा नव्हत्या, डिझेलचे डबे धडधडत जायचे. फुकुचियामाला उतरायचं, तांगोकडची छोटी गाडी धरायची, आणि शेवटी बस. डब्यात शाळकरी मुलं चढत-उतरत होती, खिडकीवर बर्फ साचत होता आणि आपण नेमके कुठे आहोत हे दर स्टेशनावर पाटी वाचून ताडून बघावं लागत होतं. समुद्राकाठची बस वळणं घेत तासभर चालली आणि मला एका अरुंद रस्त्यावर, चिखल झालेल्या बर्फात सोडून निघून गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं. समुद्रही दिसत नव्हता.

इनेची ही गंमत छायाचित्रांवरून कळत नाही. गावातून एकच चिंचोळा रस्ता जातो. त्याच्या डोंगराकडच्या बाजूला राहती घरं, समुद्राकडच्या बाजूला फुनाया. रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे बंद दारंच दिसतात. दोन फुनायांच्या मधल्या फटीतून हातभर पाणी चमकतं, तेवढाच समुद्र. कॅलेंडरवरचं इने दिसतं ते होडीतून किंवा टेकडीवरून. गावातल्या माणसाला ते तसं रोज कशाला दिसेल?

एका आजीबाईंनी दार सरकवलं तेव्हा मला ते आतून दिसलं. त्या हातात बादली घेऊन रस्ता ओलांडत होत्या, म्हणजे आपल्याच घराच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जात होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि बघू का म्हणून विचारलं. आत अंधार, आणि समोरची भिंतच नाही. तिथे समुद्र. दगडी जमीन उतरत उतरत पाण्यात शिरलेली, तिच्यावर एक छोटी लाकडी होडी वर ओढून ठेवलेली, वाशांना दोर, जाळी, बांबू टांगलेले. एका कडेला मासे साफ करायचा पाट. आजीबाईंनी आतडी पाण्यात टाकली तशी लहान माशांची झुंबड उडाली. त्यांनी मला काहीही समजावून सांगितलं नाही. मी काही विचारलंही नाही. विचारण्याइतकं मला कळतच नव्हतं. त्या काम करत राहिल्या आणि मी पाय बधिर होईपर्यंत उभी राहिले.

रात्री एका घरगुती मुक्कामाच्या जागी राहिले. जेवणात बुरी होता. हिवाळ्यात अंगावर चरबी धरणारा हा मोठा मासा म्हणजे इनेची लक्ष्मी. त्याचे पातळ काप उकळत्या रश्शात क्षणभर बुडवून खायचे. गावातले लोक सांगतात, की हिवाळ्यातला पहिला गडगडाट झाला की बुरी जागा होऊन किनाऱ्याकडे येतो. शेजारी एक खारट, उग्र तुकडा ठेवला होता: बांगड्याच्या जातीचा मासा मीठ लावून भाताच्या कोंड्यात महिनोन्‌महिने मुरवलेला, हेशिको. सुकटीवर वाढलेल्या माणसाला त्याचं काय वावडं! यजमानीणबाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या, की ही परदेशी पोरगी तोंड कधी वेंगाडते.

पहाटे मी बंदरावर गेले. रात्री समुद्रात कायम लावलेल्या मोठ्या जाळ्यांतला मासा घेऊन बोटी आल्या होत्या. मासा निवडून पेट्यांत भरला जात होता आणि गावातल्या बाया आपापल्या बादल्या, टोपल्या घेऊन थंडीत उभ्या होत्या. वजन करून तिथल्या तिथे विकत घ्यायचं. ओरडाआरडा नाही. आपल्याकडच्या बंदरावरचा आवाज ज्याच्या कानात आहे त्याला तो शांतपणा विचित्रच वाटेल. पण हिशेबाला त्या बायाही पक्क्या होत्या. एकीने मासा उलटापालटा करून परत पेटीत टाकला, ते बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

ही माझी शिदोरी. एवढ्यावर मी पुढची कित्येक वर्षं लोकांना इने ऐकवत आले.

आताच्या बसमध्ये मार्गदर्शक बाई पस्तिशीच्या असाव्यात. आवाज गोड, इंग्रजी स्वच्छ, आणि अभ्यास दांडगा. २०१५ साली तांगोकडे जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून क्योतोहून आमानोहाशिदातेला दोन तासांत पोचता येतं, हे त्यांनी सांगितलं. ते डोंगर ओलांडताना मी पूर्वी किती वेळ घालवला होता ते मी सांगितलं नाही. बोगद्यांमुळे बाहेर बघण्यासारखं फार नव्हतं, तेव्हा त्यांनी उराशिमा तारोची गोष्ट सुरू केली. कासवाला वाचवणारा तरुण कोळी समुद्राखालच्या महालात जातो, थोडे दिवस राहून परततो, तर गावात तीनशे वर्षं उलटून गेलेली. ओळखीचं कोणी उरलेलं नाही. या उराशिमाचं देऊळ इनेच्याच हद्दीत, होन्जो भागात आहे आणि परंपरेने त्याची स्थापना ८२५ सालची मानतात. आमची बस तिथे थांबणार नव्हती. मंजू माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, हा उराशिमा म्हणजे तूच.’ श्रीकांतराव मोठ्याने हसले. मागच्या रांगेतल्या कोरियन जोडप्याने दचकून बघितलं.

आमानोहाशिदाते म्हणजे समुद्रात साडेतीन किलोमीटरहून जास्त लांब पसरलेली वाळूची पट्टी आणि तिच्यावर हजारो पाइन वृक्ष. जपानच्या तीन सर्वोत्तम दृश्यांत तिची गणना शतकानुशतकं होत आली आहे. ते दृश्य टेकडीवरून पाठमोरं उभं राहून, वाकून, आपल्याच पायांमधून बघायचं असतं. तसं पाहिलं की पट्टी आभाळात चढणाऱ्या पुलासारखी दिसते. मंजूने साडीचा पदर खोचून ते यथासांग केलं. मला कंबरेने परवानगी दिली नाही.

इनेच्या वाट्याला एकूण सव्वातास होता. त्यातली पंचवीस मिनिटं उपसागरात फेरी मारणाऱ्या बोटीची. सीगल पक्षी बोटीबरोबर उडत होते, लोक त्यांना कोळंबीच्या चवीच्या कुरकुरीत कांड्या दाखवत होते, आणि घारी अधूनमधून झडप घालून ते खाणं उचलत होत्या. या सगळ्या गोंधळात फुनाया मागून सरकत गेल्या. मला दिसलं ते इतकंच: आत होड्या नव्हत्या. त्या बाहेर, घरापुढे पाण्यात बांधलेल्या होत्या.

कारण सोपं आहे. लाकडाची होडी रोज वर ओढली नाही, वाळवली नाही, तर सडते, तिला कीड लागते. म्हणून तर ती घरात घ्यायची. फायबरच्या होडीला सडायचं भय नाही, शिवाय ती मोठी, इंजिन लावलेली. जुन्या घराच्या दारातून आत मावतही नाही. माझ्या पहिल्या भेटीतही बऱ्याच फुनायांत हा बदल झाला होता, बाहेर बांधलेल्या होड्या तेव्हाही होत्याच. मी आठवणीत जपून ठेवली ती त्या एका आजीबाईंची आत घेतलेली होडी. रिकामी झालेली खालची जागा मग कुठे कोठार झाली, कुठे मोटार ठेवायची जागा, आणि आता कुठे पाहुण्यांची खोली. उताराच्या जागी सपाट लाकडी जमीन, समोर भिंतभर काच, काचेसमोर दोन खुर्च्या. पूर्वी होडी झोपायची तिथे पाहुणा झोपतो.

‘भरतीला घरात पाणी नाही शिरत?’ श्रीकांतरावांनी विचारलं. त्यांचं मूळ गाव श्रीवर्धनकडचं, तेव्हा प्रश्न त्यांना पडणारच. आपल्या किनाऱ्यावर समुद्र दिवसातून दोनदा पुरुष-दोन पुरुष चढतो-उतरतो. तिथे असं घर बांधलं तर अर्धा दिवस होडी चिखलात आणि अर्धा दिवस चूल पाण्यात. मार्गदर्शक बाईंनी फार छान उलगडून सांगितलं. जपानच्या समुद्राला भरती-ओहोटी नावालाच आहे, इथे पाणी फूट-दीड फुटापेक्षा जास्त हलत नाही. उपसागराचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यातले वायव्येचे बोचरे वारे पाठीमागचे डोंगर अडवतात. तोंडाशी आओशिमा नावाचं हिरवं बेट आडवं बसलं आहे, ते लाटा मोडतं. काठापासून समुद्र झपकन खोल जातो, त्यानेही लाट उठत नाही. त्या बेटाचा आणखी एक उपयोग होता: चुकून आत आलेल्या देवमाशाची वाट बेटाच्या दोन्ही अंगांना जाळी लावून बंद करायची. मारलेल्या देवमाशांच्या समाध्या आओशिमावर आहेत.

मी गप्प बसून ऐकत होते. एवढ्या वर्षांत हे वारे-लाटांचं गणित मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं. आजीबाईंच्या दारात तासभर उभी राहूनही समुद्र घराबाहेर का थांबतो हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. निशाणामागे चालण्याबद्दलची माझी नाराजी तिथे निम्मी ओसरली.

उरलेली निम्मी रस्त्यावर ओसरली, वेगळ्या कारणाने. बाईंनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं: दारातून डोकावू नका, दोन घरांमधल्या फटीत शिरू नका, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो नकोत. ठिकठिकाणी पाट्या होत्या, खासगी घर आहे, आत येऊ नये. पूर्वी अशी एकही पाटी मी पाहिली नव्हती, गरजच नव्हती. दिवसभरात मी एकटी उपरी असेन. आज दार उघडून परक्या पोरीला आत घेणारी आजी सापडणार नाही, आणि तिने का घ्यावं? रोज बसभर माणसं दारात आली तर कोणाला चहा विचारायचा! गावात आता माणसंच कमी. २०२०च्या जनगणनेत अख्ख्या इने नगराची वस्ती दोन हजारांच्याही आत भरली, आणि त्यात आसपासची इतर खेडीही आली. तेव्हा सोडून दिलेल्या फुनायेत कॉफी मिळते म्हणून नाक मुरडायचं, तर पर्याय काय तेही सांगायला हवं. बंद घराचं छप्पर समुद्राच्या वाऱ्यात फार वर्षं टिकत नाही.

२००५ साली सरकारने हा सगळा पट्टा पारंपरिक वास्तूंचा संरक्षित विभाग म्हणून जाहीर केला. मासेमारीच्या गावाला असा मान मिळण्याची ती देशातली पहिली वेळ. तेव्हापासून घरांचं बाहेरचं रूप मनाला येईल तसं बदलता येत नाही. खरं सांगायचं तर गाव आता माझ्या तरुणपणापेक्षा जास्त जुनं दिसतं! तेव्हा गंजलेले पन्हाळी पत्रे होते, ॲल्युमिनियमच्या खिडक्या होत्या, निळ्या प्लास्टिकची पिंपं होती. आता काळसर लाकडाच्या फळ्या नीट बसवलेल्या दिसतात.

जुनं तरी कोणतं म्हणायचं? ज्या रस्त्यावर मी बर्फात उतरले होते तोच मुळी १९३०च्या दशकात बांधलेला. त्याआधी राहतं घर आणि फुनाया यांच्यामध्ये अंगण होतं, शेजारच्या वाडीत जायचं तरी होडी काढायची. रस्त्याला जागा हवी म्हणून फुनाया समुद्राकडे सरकवल्या. ज्या रस्त्याने घराचे दोन तुकडे केले, तो ओलांडणाऱ्या आजीबाईंना पाहून मी ‘किती पुरातन जीवन’ म्हणून गहिवरले होते. दुमजली कौलारू रूपही फार जुनं नाही. पूर्वी या गवताने शाकारलेल्या बसक्या शेडा होत्या, वर जाळी वाळत टाकायला नुसता माळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५०च्या सुमारापर्यंत बुरी भरभरून मिळाला, हातात पैसा खेळला, तशी वरची खोली आली, कौलं आली. मग तिथे थोरला मुलगा-सून राहू लागले किंवा म्हातारा-म्हातारी.

मी पाण्याकाठच्या एका कॅफेत शिरले. कॉफी देणारा तरुण त्याच घरातला, ओसाकात काही वर्षं नोकरी करून परतलेला. त्याला म्हटलं, मी फार पूर्वी आले होते, तेव्हा गाव वेगळं होतं. असं म्हणणारी मी पहिली नसणार; त्याचा चेहरा हसरा पण सावध झाला. म्हणाला, त्याचे पणजोबा मरेपर्यंत एकच तक्रार करायचे, की रस्ता आला आणि गाव बिघडलं.

यावर मला काही बोलता आलं नाही. मी दुसरी कॉफी मागितली.

गावातली मुकाई यांची मद्यशाळा १७५४पासून चालत आली आहे, अगदी पाण्याच्या काठावर. बसमधल्या जवळजवळ सगळ्यांनी तिथली ‘इने मानकाई’ विकत घेतली. लाल तांदळापासून केलेली, डाळिंबी रंगाची, आंबटगोड साके. बाटली इतकी देखणी आणि नाव इतकं घरंदाज, की श्रीकांतरावांना ती पेशव्यांच्या काळापासूनची वाटली. प्रत्यक्षात ती काढली त्या घराण्यातल्या मुलीने, मुकाई कुनिको यांनी. शेतकी विद्यापीठात शिकून त्या परतल्या आणि वडिलांच्या जागी मुख्य कारागीर झाल्या. पूर्वी बाईला जिथे पाऊलही ठेवू देत नसत, असं ते काम. मी पहिल्यांदा आले तेव्हा ही साके जन्मालाही आली नव्हती. इनेचा जुना वारसा म्हणून लोक जे घरी नेतात, ते माझ्या आठवणीहून लहान आहे. मीही एक बाटली घेतली.

तरीही एक गोष्ट मला पटली नाही, ती सांगते. ही सहल इनेला भर दुपारी पोचते. तेव्हा मासेमारीच्या गावात मासेमारी संपलेली असते. जाळी धुऊन झालेली, बोटी बांधलेल्या, माणसं जेवून आडवी झालेली. पर्यटक रिकाम्या बंदराचा फोटो काढतो आणि ‘किती शांत गाव’ म्हणतो. ते शांत नाही, दमलेलं आहे. पहाटेची पेट्यांची ओढाओढ, बादल्या घेऊन उभ्या बाया, मासा उलटून बघणारे ते हात, यांतलं सव्वातासात काही हाती लागत नाही. दुपारच्या बसा गेल्या की दुकानं लवकर मिटतात आणि मग गाव पुन्हा स्वतःच्या कामाला लागतं, असं कॅफेतल्या तरुणानेही सांगितलं.

परतीच्या वाटेवर अभिप्रायाचे कागद वाटले. ‘सहलीत काय कमी वाटलं?’ या प्रश्नापुढे मी ‘सकाळ’ असं लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी कागद गोळा करताना ते वाचलं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, की इनेला किती वेळा आले त्याची मोजदाद नाही, पण तिथली सकाळ मी स्वतः एकदाही पाहिलेली नाही. दुपारनंतर बस घेऊन निघावंच लागतं. मग मी त्यांना बंदरावरचं सगळं सांगितलं. त्या फोनवर टिपून घेत होत्या. मी ज्या घरी उतरले होते ते आता चालू नाही. एकट्या बाईला खोली मिळेल का, असं त्यांनी विचारलं. घरगुती मुक्कामाच्या जागा अजून थोड्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी आता अख्खी फुनायाच भाड्याने घ्यावी लागते आणि भाडं सणसणीत. चौघींत वाटून घेतलं तर परवडेल, मी म्हणाले. आमचं जपानीतलं बोलणं मंजूला कळत नव्हतं. मी भाषांतर केलं तशी ती श्रीकांतरावांकडे न बघताच म्हणाली, ‘मग आपण तिघी झालोच की, ताई. चौथी शोध.’